सहावर थांबलेली रेघ

लग्नानंतर अकरा वर्षांनी पत्नीने पीएचडीला नाव नोंदवले. ती कर्जतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. आम्ही दहिवलीत राहतो. विषय नॅनोद्रवांचा. पाण्यात तांब्याचे अतिसूक्ष्म कण मिसळले, तर तापलेल्या पत्र्यावरून वाहताना ते पाणी किती उष्णता उचलते आणि कण त्यात कसे पसरतात, हे गणिताने काढायचे. पाणी, पत्रा, कण यांपैकी घरात काही आले नाही. जेवणाच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप आणि आलेखांचे कागद एवढेच असे.

या समीकरणांत एक अट असते: पत्र्यापासून अनंत अंतरावर पाणी थंड असावे. संगणकाला अनंत देता येत नाही. त्या जागी पुरेशा दूरच्या अंतराचा एखादा आकडा द्यावा लागतो. तिने सहा दिला. जुन्या शोधनिबंधांत सहाच होता आणि तिची उत्तरे त्यांच्याशी जुळत होती. पुढे तिने गणितात किरणांतून पसरणारी उष्णताही धरली. सहा तसाच राहिला.

प्रबंध देण्यापूर्वीचे समितीपुढचे शेवटचे सादरीकरण सोमवारी होते. शनिवारी सासरे खोपोलीहून आले. साजगावच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला. ताटे मांडायला कागद सरकवताना एक आलेख त्यांच्या हाती आला.

"ही रेघ खाली येऊन अशी आपटली का गं?"

"शून्यावर यायलाच हवी, बाबा. तिथं पाणी थंड असतं."

"आसंल थंड. पन ऊब दमादमानं जाते, अशी धडकून थांबत नाय. तिथं भिंत घातलीस का काय?"

"कसली भिंत?"

"मला काय इचारतेस? मास्तरीन तू!"

मी हसलो. ती हसली नाही. ताट तसेच ठेवून तिने सहाच्या जागी दहा घातले, मग पंधरा. रेघ लांबली आणि हळूहळू आडवी झाली. किरणांमुळे उष्णता सहाच्या पुढेही जात होती. पाणी पत्र्यापासून उचलते त्या उष्णतेचा आकडा मात्र उतरला आणि कणांमुळे होणारा फायदा बराच कमी निघाला. एक पूर्ण प्रकरण चुकले होते.

"समितीच्या लक्षात येईल?" मी विचारले.

"नाही येणार. दोन वर्षांत माझ्या तरी कुठे आलं?"

तिने मार्गदर्शकांना फोन लावला. सहा सगळेच घेतात, असे ते म्हणाले. "माझ्या गणितात तो पुरत नाही, सर," ती म्हणाली. पलीकडून बराच वेळ बोलणे चालले. तिने फक्त "हो" म्हटले, तीनदा.

सासरे ताटावर ओशाळून बसले होते. "मी गप ऱ्हायलो आस्तो तर सोमवारी झालं आस्तं तुझं."

"झालं असतं," ती म्हणाली आणि त्यांना वरण वाढले.

सादरीकरण पुढच्या सत्रावर गेले. त्या प्रकरणातला प्रत्येक तक्ता तिने पुन्हा काढला. समितीपुढे तिने कमी झालेला फायदा आधी सांगितला. इतर निष्कर्ष त्यानंतर. पुढे प्रबंध स्वीकारला गेला.