बाण हलेना

सुदर्शनला लकव्याचा झटका आला तेव्हा तो वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, तनुजाला, समजावून सांगितलं की सुदर्शनला सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. एकच शब्द त्याच्यापाशी उरला होता, 'व्हय'. पाणी हवं असलं तरी व्हय, नको असलं तरी व्हय. करमाडचा, त्याच्या गावाकडचा, लहानपणचा शब्द. शहरात आल्यापासून त्याच्या तोंडी तनुजानं तो ऐकलाच नव्हता.

तनुजा पुंडलिकनगरात राहायची आणि जवळच्याच एका शाळेत भूगोल शिकवायची. सकाळी नवऱ्याचं सगळं उरकून, त्याला सांभाळायला ठेवलेल्या कडूबाईंच्या हवाली करून ती निघायची. कडूबाई दुपारी ती आली की जायच्या. पुढं रात्रीपर्यंत घर तिच्या एकटीवर. अंग पुसणं, कूस बदलणं, गोळ्या, व्यायाम, धुणं. नळाचा दिवस असला की पिंपं भरणं वेगळं. फळ्यावर नकाशा काढताना आताशा तिला हात वर धरवत नसे. नदी अर्ध्यात सोडून ती मुलींपैकी एखादीला म्हणायची, "तू पुरी कर गं."

सुदर्शनचा जुना लॅपटॉप तेवढा तिच्या मदतीला होता. त्यात त्यानं विंडोज काढून स्वतःच्या हातानं लिनक्स टाकलं होतं, धडधाकट होता तेव्हा. त्यांची मुलगी संस्कृती पुण्याला नोकरी करते. तिनं त्यात एक चित्रांचं पान करून दिलं होतं. पाण्याचा ग्लास, चहाचा कप, पंखा, 'दुखतंय' असं लिहिलेला एक रडका चेहरा, अशी मोठी मोठी चित्रं. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि डाव्या हाताचं बोट टचपॅडवर. बाण हळूहळू सरकवत तो हव्या त्या चित्रावर न्यायचा आणि टिचकी मारायचा. लॅपटॉप म्हणायचा, "चहा."

चहा झाला की तो नकाशा उघडायचा. वरून काढलेला, खरी झाडं-घरं दिसणारा. बोटानं ओढत ओढत जालना रोडनं निघायचा, करमाडला पोचायचा आणि तिथं गावात, रानात, रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेनं तासन्‌तास हिंडायचा. तेवढ्या वेळात तनुजाची आंघोळ व्हायची, वह्या तपासून व्हायच्या, कधी नुसतं गॅलरीत बसणंही व्हायचं.

संस्कृती आठवडाभर राहून गेली. बापाजवळ बसून तिनं ऑफिसचं काम केलं, बापाचा लॅपटॉप पुसला, त्यात साचलेले अपडेट टाकले, चार नवी चित्रं चढवली. ती पुण्याला परतली आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लॅपटॉपवरचा बाण हलेना.

सुदर्शन बोट फिरवत होता. पडद्याच्या मधोमध बाण जिथल्या तिथं. तनुजानं लॅपटॉप बंद करून चालू केला. टचपॅड ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं. वरच्या बटणांवर टचपॅडचं चित्र असलेलं एक बटण होतं, तेही दाबून पाहिलं. काही नाही. मग कपाटातून वायरचा जुना माऊस काढून डाव्या बाजूला जोडला. त्यानं बाण हलला, पण माऊसला खाली सपाट जागा लागते. सुदर्शनच्या हाताखाली गोधडी. माऊस घसरत होता, कलंडत होता, बाण पडद्याबाहेर पळत होता. शेवटी सुदर्शननं तो भिरकावून दिला.

मग दिवसभर हाका. "व्हय!"

"पाणी पाहिजे?"

"व्हय."

पाणी दिलं की तोंड फिरवायचा. डाव्या हातानं उजवीकडं दाखवायचा आणि तिकडं पंख्याचं बटण होतं. पंखा वाढवला, कमी केला. चादर घातली, काढली. "व्हय! व्हय!" आवाज चढत चालला. तनुजा पोळ्या टाकून आली, परत गेली, परत आली. संध्याकाळी मात्र तिचा तोल गेला.

"मला नाही कळत! काय पाहिजे ते मला नाही कळत हो! काय करू मी?"

सुदर्शन तिच्याकडं बघत राहिला. मग तो उजव्या कुशीवर, भिंतीकडं वळला आणि तसाच पडून राहिला. नंतर हाक मारली नाही. तनुजा स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून उभी राहिली. रडूही आलं नाही तिला. एवढंच वाटलं, की इथंच, उभ्या उभ्याच कुणी झोपू दिलं तर बरं होईल.

रविवारी सकाळी तिनं हबीबभाईंना बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांचं, सुदर्शनची जुनी ओळख. त्यांनी आधी सुदर्शनचा डावा हात हातात घेतला, "क्या सर, कैसे हो?" म्हणाले, आणि मग लॅपटॉप पाहिला.

"मॅडम, खरं सांगतो. हे लिनक्स आहे, याच्यात माझा हात नाही चालत. टचपॅडच गेलं असंल तर बदलून देईन, पण तसला भाग शोधावा लागंल. नायतर हे सगळं पुसून विंडोज टाकून बघू."

"पुसून म्हणजे? आतलं सगळं जाईल?"

"त्यांचं सामान काढून ठेवू की. पण त्यांनी जसं लावलंय तसं नाय राहणार."

तनुजानं सुदर्शनकडं पाहिलं. त्याचा डावा हात लॅपटॉपच्या झाकणावर होता आणि तो काढत नव्हता. खरं तर ती 'घेऊन जा' म्हणणारच होती. काय ते एकदाचं होऊन जाऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं.

"संध्याकाळी सांगते, हबीबभाई."

ते गेल्यावर तिनं संस्कृतीला फोन लावला.

"मम्मी, मी अपडेट मारले ना, त्यानंच झालं असणार!" संस्कृतीचा आवाज लगेच रडवेला झाला. "कशाला हात लावला मी!"

"ते राहू दे. आता काय करायचं ते सांग. मला फार दम नाहीये गं."

संस्कृतीनं फोन स्पीकरवर ठेवायला लावला. तिनं सांगितलेली तीन बटणं तनुजानं एका वेळी दाबली तशी पडद्यावर कमांड टाईप करायची काळी खिडकी उघडली. सुदर्शन एकदम सावरून बसायला बघू लागला. ही खिडकी त्याची होती. संध्याकाळ-संध्याकाळ तो तिच्यापुढं बसलेला असायचा. तनुजानं त्याच्या पाठीशी उशी सरकवली आणि लॅपटॉप दोघांच्या मधे ठेवला.

"पहिलं हे बघू, की लॅपटॉपला टचपॅड दिसतंय का. दिसतच नसेल तर बिघाड आत आहे. मी व्हॉट्सअॅपवर पाठवलंय ते जसंच्या तसं टाईप कर."

तनुजा एका बोटानं टाईप करू लागली. तिरपी रेघ कुठं असते ते तिला सापडेना. सुदर्शनचं बोट मधे आलं आणि त्या बटणावर टेकलं. एंटर दाबताच पडद्यावर ओळीच ओळी धावल्या. लॅपटॉपला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची नावं होती ती. तनुजा वाचत गेली. चालू-बंदचं बटण, झाकण, कीबोर्ड, कॅमेरा.

"टचपॅड! आहे, इथं नाव आहे."

"थांब, बास! म्हणजे दिसतंय त्याला. मेलेलं नाहीये. आता बोट फिरवल्यावर काही पोचतंय का ते बघू. ह्याला पासवर्ड लागेल."

"काय आहे पासवर्ड?"

"मला कुठं माहीत? अपडेट मारले त्या दिवशी पप्पांनीच टाकला होता."

इतक्या वर्षांच्या संसारात तनुजालाही तो माहीत नव्हता. कधी विचारायची वेळच आली नव्हती. तिनं लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला. सुदर्शन डाव्या हाताच्या एका बोटानं बटणं दाबू लागला. पडद्यावर काहीच उमटेना, टिंबसुद्धा नाही.

"अगं, काहीच येत नाहीये."

"येतंय, ते दिसत नसतं. त्यांना टाकू दे."

चुकला. पुन्हा विचारलं. पुन्हा चुकला. त्यानं डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवलं आणि मग न बघता, हात स्वतःहून जाईल तसं टाईप केलं. या वेळी लॅपटॉपनं नाही म्हटलं नाही.

"आता टचपॅडवर बोट फिरवा पप्पा."

त्यानं बोट ठेवलं आणि काळ्या खिडकीत आकड्यांच्या ओळी भराभर वाहू लागल्या. बोट उचललं, ओळी थांबल्या. पुन्हा ठेवलं, पुन्हा सुरू. बाण मात्र जागचा हलला नव्हता.

"ओळी पळतायत गं! बाण नाही हलत, पण ओळी पळतायत."

"मग टचपॅड एकदम चांगलं आहे, मम्मी! बोट त्याला कळतंय. वरून कुणीतरी त्याला गप्प बस म्हणून सांगितलंय. सेटिंग बघू."

आणखी एक कमांड आली. उत्तरात एकच ओळ. तनुजानं ती अडखळत वाचली आणि संस्कृतीनं तिकडून अर्थ सांगितला. बाहेरचा माऊस जोडलेला असेल तेव्हा टचपॅड बंद ठेवायचं.

"हे कुणी करून ठेवलं?"

तनुजानं सुदर्शनकडं पाहिलं. तो त्या ओळीकडं एकटक बघत होता. मग अर्ध्या तोंडानं तो कसनुसा हसला. त्यानंच केलं होतं, चांगला होता तेव्हा. ऑफिसात माऊस जोडून काम करताना तळवा टचपॅडला लागायचा आणि बाण भलतीकडं उडायचा, म्हणून.

"पण माऊस तर आता जोडलेला नाही," तनुजा म्हणाली. "वायरचा तो कालच काढला मी."

"बघ नीट. मग मला नाही कळत," संस्कृती म्हणाली.

तेवढ्यात सुदर्शननं हात लांब केला. वरच्या बाणाचं बटण तो दाबत राहिला, तसतशा आधी लिहिलेल्या कमांड एकामागून एक परत येऊ लागल्या. पहिली आली तेव्हा त्यानं एंटर दाबलं. वस्तूंची नावं पुन्हा पडद्यावर आली. त्यानं बोट पडद्यावर टेकवलं, खाली, टचपॅडच्या नावाच्याही खाली. तनुजानं मघाशी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "व्हय."

"संस्कृती, इथं रिसीव्हर म्हणून काहीतरी आहे. रिसीव्हर म्हणजे काय गं?"

संस्कृती फोनवर किंचाळलीच.

"अगं आई गं! माझा माऊस! बिनवायरचा. निघायच्या दिवशी पप्पांच्या लॅपटॉपला लावला होता मी, काम पटपट व्हावं म्हणून. माऊस बॅगेत टाकला आणि त्याचं ते बारकं बटणासारखं तिथंच राहिलं. काल माझाही माऊस चालेना, मी शिव्या घालत बसले होते."

तनुजानं लॅपटॉपच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं. नखाएवढं काहीतरी हाताला लागलं. सुदर्शनची ती बाजू गेलेली. तिकडं त्याचा हात पोचत नव्हता आणि नजरही क्वचित जायची. तिनं ते उपसून काढलं.

बाण हलला.

संस्कृती फोनवर रडत होती. "सॉरी मम्मी. सॉरी पप्पा."

"रडू नको. घाई होती तुला," तनुजा म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण रागाला जेवढी ताकद लागते तेवढी तिच्यात नव्हती. "आता परत असं होऊ नये म्हणून काय करायचं ते पाठव." तिनं सुदर्शनला विचारलं, "तुमचं ते जुनं सेटिंग बदलू का?" त्यानं मान डोलावली. तिनं टाईप केलं, एंटर दाबलं आणि फोन ठेवला.

आता तो नकाशा उघडेल आणि आपण जरा पडू, असं तिला वाटलं. पण सुदर्शननं आधी चित्रांचं पान उघडलं. बाण रडक्या चेहऱ्यावर नेला.

"दुखतंय," लॅपटॉप म्हणाला.

"कुठं?"

त्यानं डाव्या हातानं उजव्या खांद्याकडं खूण केली. तनुजानं सदरा सरकवला. खांदा सुजला होता. कालपासून अंग पुसायचं राहिलं होतं, सदरा उतरलाच नव्हता. निर्जीव हात अंगाखाली मुडपून गेला असणार, बहुतेक शनिवारीच. दिवसभर तो त्याच्यासाठीच हाका मारत होता आणि ती पाणी पाजत होती, पंखा फिरवत होती. आणि संध्याकाळपासून तो त्याच अंगावर, भिंतीकडं तोंड करून, गप्प पडून होता.

तिनं त्याचा हात हळूच उचलून उशीवर ठेवला, ओलं फडकं आणून खांद्यावर धरलं. त्याचा चेहरा सैल होईपर्यंत ती तशीच धरून बसली.

"काल मी ओरडले," ती म्हणाली.

सुदर्शननं डावा हात तिच्या मनगटावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

सोमवारी तिनं शाळेतून अर्धी रजा घेतली. फिजिओथेरपीचे डॉक्टर घरी येऊन गेले. सांधा जरासा ओढला गेला होता, निखळला नव्हता, नशीब, म्हणाले. हाताला झोळी करून दिली, कुशीवर वळवताना हात कसा धरायचा ते दाखवलं. तनुजानं ते कडूबाईंनाही शिकवलं. सूज उतरायला पंधरवडा गेला, तोवर रात्री दर थोड्या वेळानं उठून ती त्याचा हात जागेवर आहे ना ते चाचपून बघायची. ती सवय सूज गेल्यावरही राहिली. सूज उतरली त्याच्या पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात गोदावरीचं खोरं होतं. फळ्यावर तिनं नदी काढायला घेतली, पैठणपर्यंत आली आणि खडू खाली ठेवून म्हणाली, "बाकीची पुस्तकात बघा गं."