उशीच्या अभ्र्यातल्या गोळ्या

१४ नोव्हेंबर. वॉर्डातल्या चादरी बदलायच्या होत्या. खिडकीजवळच्या खाटेवरची उशी झटकली आणि अभ्र्यातून दुखण्यावरच्या गोळ्या घरंगळल्या. 'दुखलं की घे' म्हणून आम्हीच दिलेल्या. एकही घेतलेली नव्हती.

खाटेवरचा तरुण जवळच्या अथाल गावातल्या एका प्लास्टिक कारखान्यातला, मूळचा धुळ्याकडचा. मशीनवर उजवा हात भाजला होता. जखम भरत होती, पण बोटांना तो हात लावू देत नव्हता. आत्ता हलवली नाहीत तर ती आखडतील आणि मशीनवरचं काम कायमचं सुटेल, हे त्याला सांगून झालं होतं. किती दुखतंय, दहापैकी सांग म्हटलं की 'दोन' म्हणायचा आणि पायाची बोटं आवळायचा.

गोळ्या का साठवल्यास विचारलं, तर म्हणाला, जास्त दुखेल तेव्हासाठी. आता घेतल्या तर पुढे लागू पडणार नाहीत. हे शहाणपण थोरल्या भावाचं. तो स्टुलावरून अभिमानाने म्हणाला, "आमना भाऊ लोखंड शे, सिस्टर."

"लोखंडाची मूठ वळत नाही, दादा," मी म्हटलं.

असा पेशंट वॉर्डात सगळ्यांना आवडतो. ओरडत नाही, हाका मारत नाही. त्याला 'शहाणा' म्हणतात आणि माझं डोकं उठतं. सोसणं हा काही उपचार नाही. दुखणं अनावर झाल्यावर गोळी देणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं.

तशीच डॉक्टरांकडे गेले. ते घाईत होते. मागेल तेव्हा द्या की, म्हणाले.

"तो मागणार नाही, साहेब. गोळीची वेळ ठरवून लिहा."

त्यांनी लिहिलं. भाऊ सवय लागेल म्हणून कुरकुरत राहिला. चार दिवसांच्या या गोळ्यांनी लागत नाही, मी सांगितलं. हात आखडला तर घरी बसायची सवय मात्र लागेल.

१५ नोव्हेंबर. सकाळी गोळी दिली आणि त्याने गिळेपर्यंत समोर उभी राहिले. ड्रेसिंगची ट्रॉली भिंतीला लावून ठेवली. डॉक्टर राउंडला आले, ड्रेसिंग अजून का नाही विचारलं. गोळी लागू व्हायचीय, तोवर पुढची खाट बघा, म्हटलं. अर्ध्या तासाने पट्टी सोडली, भावाला समोर बसवलं आणि धाकट्याला मूठ वळायला लावली. अर्धीच वळली. पुन्हा वळवून घेतली.