सोंगट्या मांडायचा मान

सगुणच्या उजव्या हाताला कंप सुटतो, हे सगळ्या पार्से गावात एकट्या कमलला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे सगुणलाही ठाऊक होतं. पण नवराबायकोत त्यावर कधी शब्द निघाला नाही. चहाची कपबशी जाऊन त्याच्यापुढे फुलपात्र येऊ लागलं. "ऱ्हवा, कॉलर वाकडो झालो," असं म्हणत कमल त्याच्या शर्टाची बटणंही लावून देऊ लागली. बाजाराची पिशवी त्याच्या डाव्या हातात गेली. एखाद्या घरात मोडक्या पायाचं कदेल, म्हणजे खुर्ची, असतं ना, घरच्या सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी त्याच्यावर बसत नाही, तसंच चाललं होतं.

दुसऱ्या कुणाचा हात थरथरला असता तर लोक म्हणाले असते, वय झालं. पण सगुणचा हात हा नुसता सगुणचा नव्हता, तो पेडण्याचा हात होता.

तरुणपणी तो डिचोलीकडे एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. आठवडाभर तिथे खोली करून राहायचा, शनिवारी गावी यायचा. त्या काळात टीव्ही सगळ्यांच्या घरी नव्हता आणि कॅरम मात्र प्रत्येक मंडळात होता. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या मंडळांची लीग चालायची. पावसाळा सरला की सुरू, शिगमा आला की अंतिम सामना. आठवडाभर ज्यांच्याबरोबर सगुण एका डब्यातली भाजी खायचा, त्यांच्याच विरुद्ध रविवारी पेडण्याकडून बसायचा. डिचोलीचा भिकाजी त्याच खाणीवर ट्रक चालवायचा. सोमवारी वर्कशॉपात गाडी आणली की भिकाजी त्याला थट्टेने पात्रांव, म्हणजे मालक, अशी हाक मारून म्हणायचा, "पात्रांव, ब्रेक बघ रे. गाडयेचो बघ, कॅरमचो तुका जमना नाय." आणि सगुण चाकाखालूनच ओरडायचा, "राणी कोणी न्हेली ता सांग आदी!"

तेव्हा शिवोलीचा पूल नव्हता. पेडण्याची पोरं चोपड्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे जायची, मग म्हापशाहून डिचोली. शेवटची फेरी चुकली तर रात्र धक्क्यावर, म्हणून निम्मे सामने घड्याळाकडे बघत खेळले जायचे. त्या येण्याजाण्यातूनच या लीगमध्ये एक रीत पडली होती. टॉस नाही. नदी ओलांडून जो पाहुणा आला, पहिला मार त्याचा. आणि सोंगट्या मांडायच्या त्या यजमान संघाच्या मुख्य खेळाडूने, स्वतःच्या हाताने. मधे राणी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, आणि कुठे नखाएवढी फट राहता कामा नये. सैल मांडणी केली तर पाहुण्याचा पहिला मार फुकट जातो, म्हणून सैल मांडणी म्हणजे पाहुण्याचा अपमान. घरी आलेल्याला पाट न मांडण्यासारखंच ते. सगुणची मांडणी अशी की भिकाजीसुद्धा म्हणायचा, "मारूक जीव होना नाय रे."

पुढे खाणी बंद पडल्या. सगुण पार्से गावी येऊन काजू आणि माडांत रमला. लीग तर त्याआधीच कधीतरी, कुणी बंद न करताच बंद झाली होती. पुढे पुढे, डोळ्यांना दिसत नाही म्हणून, त्याने मंडळात जाणंही सोडलं.

आणि या वर्षी मंडळाला पन्नास वर्षं झाली. मंडळाचा अध्यक्ष स्वप्नील, तिशीतला, उत्साही, एक दिवस पडवीत येऊन बसला.

"काका, उद्घाटनाक तुमचो नि डिचोलीच्या भिकाजीकाकांचो सामनो लावतंव. एकच बोर्ड. त्येंका फोन केलो, ते एका पायार तयार."

सगुणने उजवा हात मांडीखाली घेतला. कमलने दारातून पाहिलं.

"खेळूचा तर आसा रे," सगुण म्हणाला, "पण मी पयलीपासून फायनलाक देवीचो प्रसाद घेतल्याशिवाय बसूक नाय. देवीन उजवी दिली तर बसतंय."

फायनलआधी तो देवीचा कौल घ्यायचा, त्यात खोटं काही नव्हतं. आणि सुटायला वाटही होती. कमललाही ते कळलं आणि तिच्या मनात एकदम उजेड पडला. कारण मुलगी अंकिता मांद्र्याहून रोज फोनवर बजावायची, "बाबांक बांबोळीच्या हॉस्पिटलात दाखव गो आये." कमलने एकदा हाताचं नाव न घेता बांबोळीचा विषय काढला तेव्हा सगुण एवढंच म्हणाला होता, "देवी सांगीत तर जाऊया." आणि तो स्वतः कधी विचारायला जायचा नाही.

"मीच जातंय देवळात," कमल म्हणाली.

मनात तिने ठरवलं होतं. आधी बांबोळीचं विचारायचं, देवीने उजवी दिली की खेळाचं विचारायची गरजच उरत नाही.

सोमवारी सकाळी ती ओटीचं सामान घेऊन देवळात गेली. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. गुरव मागे वळून म्हणाला, "काय विचारूचा गो कमल?"

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. स्वप्नील आणि मंडळाची आणखी दोघं पोरं. "काकी, म्हटला आपुण पण नमस्कार करूया. काय तो निकाल हयच कळात!"

कमलच्या ओठांवर आलेलं बांबोळी तिथेच राहिलं. या पोरांसमोर हॉस्पिटलचं नाव काढलं तर दुपारपर्यंत गावात होणार. जे दोन वर्षं पदराखाली झाकलं ते देवळाच्या चौकात उघडं करायचं? तिला वाटलं, देवीला काय न सांगता कळत नाही? खेळाचंच विचारू. देवी डावी देईल आणि घोडं गंगेत न्हाईल.

"मंडळाच्या सामन्याक ह्येणी बसूचा की नको, ता विचारा," ती म्हणाली.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची पाकळी, जणू वाटच बघत होती तशी, सुटून खाली आली.

"बघा!" स्वप्नीलने टाळी वाजवली.

"आनी काय आसा विचारूचा?" गुरवाने पुन्हा विचारलं.

पोरं अजून तिथेच उभी होती. कमल म्हणाली, "नाय."

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा सगुणचा चेहरा असा फुलला की तिला बघवेना. "उजवी? खरा? देवी उगीच म्हणत नाय गो. हात बरो होतलो म्हणूनच म्हणता ती!" दोन वर्षांत त्याने स्वतःच्या तोंडाने हाताचं नाव पहिल्यांदा काढलं, ते असं. कमलने म्हटलं, घरी जरा बसून बघा तरी. पण तो काही बसला नाही. देवीने सांगितल्यावर सराव करायचा म्हणजे देवीवर संशय घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. कमल नारळ खवता खवता नाम घ्यायची आणि नामाच्या मधेच तिला वाटायचं, आपण चुकीच्या दारावर थाप मारून आलो.

रविवारी मंडळाच्या सभागृहात माणूस मावेना. पुढच्या रांगेत म्हातारी मंडळी, मागे पोरं, बायका एका बाजूला. मधे बोर्ड, वर दिवा. भिकाजी आला तो काठी टेकत, पण आवाज तसाच.

"काय पात्रांव, आसंस मरे अजून?"

"तुका हरवल्याशिवाय यम माका हात लावना नाय," सगुण म्हणाला.

"मगे तुका अमरपट्टोच गावलो!"

सगळे हसले. स्वप्नीलने माइकवरून जुनी रीत समजावून सांगितली. फेरीबोट, पाहुण्याचा पहिला मार, यजमानाने सोंगट्या मांडायचा मान. म्हातारे माना डोलवत होते. एकाने तर डोळे पुसले.

सगुणने सोंगट्या बोर्डावर ओतल्या. राणी मधे ठेवली. तिच्याभोवतीच्या सहा लावताना त्याने डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं. पाच लागल्या. सहावी ठेवताना बोटं थडथडली आणि पाचही बाजूला सरकल्या. पोरं हसली, त्यांना वाटलं काका गंमत करतायत. सगुणही हसला. पुन्हा मांडल्या, पुन्हा सरकल्या. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही.

"काकांक चष्मो द्या रे," मागून कुणीतरी म्हणालं.

कमल बायकांत बसली होती. तिने दोन्ही हात जोडून पदरात घट्ट धरले होते. आई, एवढं निभावून ने. एकदा बारा लागू देत.

कशाबशा एकोणीस सोंगट्या मधल्या गोलात आल्या, पण चिकटून कुठल्याच नव्हत्या. भिकाजीचा हात मदतीला पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला. यजमानाच्या मांडणीला पाहुण्याने हात लावायचा नसतो. त्याने स्ट्रायकर उचलला.

"बरी आसा मांडणी. मारतंय."

"मारू नको," सगुण म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचाच होता. "ह्या फटीतसून म्हस जायत. तुका असल्या मांडणेर मी कदी बसवलंय?"

भिकाजीने स्ट्रायकर परत बोर्डाच्या कडेवर ठेवला. 

"माझो हात चलना नाय," सगुण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग बायकांकडे वळून हाक मारली, "कमल, हय ये गो."

ती उठली कशी, चालत गेली कशी, हे तिला नंतर आठवलं नाही. सगुणने खुर्ची मागे घेतली. "मांड."

लग्न झाल्यापासून तो पडवीत सराव करायचा तेव्हा सोंगट्या तीच मांडून द्यायची. पण ते घरात. इथे सगळा गाव बघत होता, आणि मांडायचा मान बाईने घेतल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. एक म्हातारा काहीतरी पुटपुटला. भिकाजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कमलने खाली मान घालून एकोणीस सोंगट्या लावल्या आणि बाजूला झाली.

भिकाजीने मारलं. दया दाखवली नाही, हे त्याचे उपकार. सगुणच्या वाट्याला जेव्हा जेव्हा डाव आला, स्ट्रायकर भलतीकडेच गेला. दोनदा स्ट्रायकरच खिशात पडला. एक काळी सोंगटी मात्र चारीकडे आपटून, कुणाला न विचारता, कोपऱ्यात गेली, आणि लोकांनी त्या एका सोंगटीला एवढ्या टाळ्या दिल्या की कमलला त्या सोसवेनात. बोर्ड भिकाजीने घेतला.

निघताना तो कमलजवळ थांबला. "वैनी, ह्येका दाखवा. माझ्या मेव्हण्याक अशेच जालेले. उशीर करू नकात."

त्या दिवसापासून नळावर, देवळात, पाववाल्या पोदेराची पोंप वाजली की गल्लीत, एकच विषय. कुणी हळहळायचं. शेजारीण तर सरळच म्हणाली, "देवीन उजवी दिल्यान आनी असा कसा जाला गो?"  तो प्रश्न कमलला चावत राहिला. देवीने फसवलं असं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. विचारलं ते बसायचं की नको. देवी म्हणाली, बस. जिंकशील, बरा होशील, असं देवी कुठे म्हणाली? जे विचारायला गेलो ते आपणच पोटात ठेवून परत आलो. मग दोष कुणाचा?

दोन दिवस सगुण पडवीत बसून होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जा. बांबोळीचो प्रसाद घेवन ये."

"घेवचो नाय," कमल म्हणाली.

त्याने चमकून वर पाहिलं. देवीला विचारल्याशिवाय या बाईने कधी दारातलं तुळशीवृंदावनही हलवलं नव्हतं.

"कित्याक?"

"आपणाक म्हायत नसता ता देवीक विचारूचा. ह्या माका म्हायत आसा. उद्या सकाळचे बशीन जावया."

तो चिडला. देवीपेक्षा मोठी झालीस काय, म्हणाला. जेवला नाही. कमलने देवाजवळ दिवा लावला, हात जोडले, आणि काही मागितलं नाही. सकाळी त्याचा धुतलेला शर्ट काढून ठेवला. तो बराच वेळ त्या शर्टाकडे बघत राहिला आणि मग आला. बटणं लावताना तिने या वेळी कॉलरचं निमित्त सांगितलं नाही.

पणजीला बस बदलून दोघं बांबोळीला पोचली. हॉस्पिटलात पुष्कळ गर्दी होती. नंबर लागला तेव्हा दुपार होत आली होती. डॉक्टरीणबाई अंकितापेक्षा लहान दिसत होती. तिने सगुणला बोटं जुळवायला सांगितली, हात पुढे धरायला लावला, दारापर्यंत चालायला लावलं. मग विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"चार-सहा म्हयने," सगुण म्हणाला.

कमलला राहवलं नाही. "दोन वर्सां झाली हो डॉक्टर. खोटां कित्याक सांगू?"

डॉक्टरीणबाईने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि दोघांकडे पाहिलं. सगुण आपल्या हाताकडे बघत होता. आज त्याने तो मांडीखाली घेतला नव्हता.

"तीन," तो म्हणाला.

कमलने मान वळवली.

"डोळ्यांक दिसना नाय म्हणान मी मंडळात जावचा सोडलंय मा," तो म्हणाला, डॉक्टरला नव्हे, तिला. "डोळ्यांक काय एक जावक नव्हता."

त्या वर्षी तिने त्याच्या डोळ्यांसाठी सोळा शुक्रवार धरले होते. डॉक्टरीणबाईने आधीचा आकडा खोडून तीन लिहिला आणि विचारलं, "झोप लागते का नीट?" आणि सगुणने, कुणाकडे न बघता, "नाय," म्हटलं.