कुंपणापलीकडचं गाणं

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आमच्या कुंपणाला लागून एक पोर्तुगीज म्हातारी एकटी राहायची. रोज दुपारी चारला ती स्वयंपाकघरात गायची. गाणं एकच, आणि ते एकाच जागी येऊन थांबायचं. नेमकी त्याच वेळी मी पुण्याला आईला व्हिडिओ कॉल करायचे, त्यामुळे ते आईलाही रोज ऐकू जायचं. "लागली का गं तुझी शेजारीण गायला?" ती विचारायची. मग हळूच, "तू कधी येतेस?" मी म्हणायचे, "डिसेंबरात, नक्की." असे चार डिसेंबर गेले होते. माझ्या 'नक्की'वर माझाच विश्वास उरला नव्हता.

एकदा परसातली लिंबं द्यायला गेले तेव्हा म्हातारीला गाण्याचा अर्थ विचारला. समुद्रापार गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं, ती म्हणाली. "शेवटच्या ओळीत तो परत येतो. ती ओळ मी गात नाही, लव्ह. माझा मुलगा आला की गाईन." मुलगा कुठे असतो, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

जूनमध्ये म्हातारी वारली. घर रिकामं झालं आणि दारात विक्रीची पाटी लागली.

पुढच्याच आठवड्यात आईला "आलेच हं" म्हणून फोन ओट्यावर ठेवला आणि दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले. चार वाजले होते. आणि गाणं सुरू झालं. तेच. अंगावर सरसरून काटा आला. कुंपणाशी जाऊन पाहिलं, तर म्हातारीची खिडकी बंद, पडदेसुद्धा काढून नेलेले. एरवी मी भुताखेतांना हसणारी बाई, पण हातातली चादर छातीशी घट्ट धरून उभी राहिले. मग कळलं, आवाज माझ्या पाठीमागून येत होता, माझ्याच स्वयंपाकघरातून.

फोनमध्ये आई मेथी निवडत गात होती. शब्द सगळे पोर्तुगीज, एकाचाही अर्थ तिला ठाऊक नाही. मान खाली, माझ्याकडे लक्षच नाही. त्याच जागी आली आणि थांबली.

"आई, का थांबलीस?"

"एवढंच तर आहे ते. पुढचं कुठे कधी ऐकलंय आपण?"

मला रडूच फुटलं. "आई, मी येते गं. डिसेंबरात. नक्की."

"बरं," ती म्हणाली, मेथीची पुढची काडी उचलली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.