तळहातावरचा फवारा

भालकीत माझं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. कारखान्याला ऊस ओढणारा एक ट्रकवाला इंजेक्टर निवडायला आला. त्यानं ट्रकला टर्बोचं इंजिन बसवून घेतलं होतं आणि त्याला जास्त डिझेल सोडणारे इंजेक्टर हवे होते. नारळ घेतल्यासारखा एकेक तो कानाशी हलवून बघत होता.

मी एक इंजेक्टर तपासणीच्या हातपंपाला लावून दांडा दाबला. डिझेलचं बारीक धुकं उडालं. ‘हात लांब ठेवा, अण्णा’ म्हणेपर्यंत त्यानं उजवा तळहात नोझलखाली धरलाच. त्यावर टाचणी टोचल्यागत एक ठिपका उमटला.

“दवाखान्यात जावा. डिझेल आत गेलंय.”

“कामून? रगत न्हाई, दुखंना बी.” तो हसला. “ह्येचा मार कडक हाय. असलेच दे.”

हंगाम संपता संपता तो परत आला. उजव्या बाहीतून हातच बाहेर येत नव्हता. आत गेलेल्या डिझेलनं हात सडला, म्हणून बीदरच्या डॉक्टरांनी तो मनगटापासून कापला होता.

“ट्रक आता भाऊ चालवायलाय,” तो म्हणाला. “ह्याहून मोठे इंजेक्टर दाखव.”

मी एक लावला आणि दांड्याला हात घातला. तेवढ्यात त्यानं डावा तळहात नोझलखाली धरला.

मी दांडा सोडून दोन्ही हात मागं घेतले.

“दाब की,” तो म्हणाला. “हातानं बघितल्याबिगर कसं घ्यायचं?”