तांड्यावर गेलेल्या नऊ सायकली

सायकल ठरलेल्या जागी दिसली नाही, की ती चोरीलाच गेली, असं तुम्हीही धरून चालता का? मीही तसंच धरून चाललो होतो. म्हणूनच निवृत्तीनंतरही ते प्रकरण माझी पाठ सोडत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. नगर परिषदेने बसस्थानकाजवळ सार्वजनिक सायकली ठेवल्या होत्या. कार्ड दाखवायचं, किल्ली घ्यायची, संध्याकाळी सायकल परत लावायची. किल्ल्या एका सायकल मिस्त्रीकडे असत. सगळं गाव त्याला चाचा म्हणे. आठवडाभर नऊ सायकली स्टँडवर दिसल्या नाहीत, तेव्हा परिषदेच्या बाबूने चाचाविरुद्ध अपहाराची लेखी तक्रार दिली.

चाचाला चौकशीला बोलावलं.

"किल्ल्या कोणाला दिल्या? बोला, नाहीतर अटक करावी लागेल."

"करा न साहेब. पन मी सायकल इकली नाही, येवढं लिहून घ्या. नाव नाही सांगत."

चोर सहसा दहा नावं सांगतो, सगळी दुसऱ्यांची. हा एकही सांगेना.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला: सायकली गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर आहेत. आमचे जमादार उठलेच. "साहेब, दोन गाड्या काढू. छापाच टाकू."

माझाही हात टोपीकडे गेला होता. तेवढ्यात चाचाकडे लक्ष गेलं. अटकेचं नाव काढल्यावर न डगमगलेला माणूस 'छापा' ऐकून पांढराफटक पडला होता. ही भीती स्वतःसाठी नव्हती.

गाड्या काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत तांड्याच्या वाटेवर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळात नऊ बाया सायकलींवरून आल्या, एकीमागे एक, घंट्या वाजवत. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला निघालेल्या. प्रत्येक हँडलला वेगळ्या रंगाचा रुमाल. मी ओळख सांगितली. पुढची पाय टेकून थांबली.

"चोरल्या असत्या तं घंटी वाजवत आलो असतो का, साहेब?"

मागच्या खदखदून हसल्या.

"मग स्टँडवर का लावत नाही?"

"स्टँड तिकडं, तांडा इकडं. सांजेले काय पायदळ येऊ? जीप भरल्याबिगर हालत नाही. सकाळी लेट झालं का गेटवाला वापस धाडते. मनून चाचानं किल्ल्या आमच्यापाशीच ठेवू देल्या."

"आणि हे रुमाल?"

"जीपमधी जागा धरत नाही का तुमी? तसंच. माहा रुमाल हाय तं सायकल उद्याही माहीच."

जबाब घेतले, सायकली मोजल्या. नऊच्या नऊ. ठाण्यात परतून चाचाला पुन्हा बोलावलं आणि विचारलं, हे आधीच का नाही सांगितलं?

"तांड्याचं नाव घेतलं असतं तं तुमी पयले मारलं असतं, मंग इचारलं असतं."

जमादारांनी नजर वळवली. गैरसमजातून तक्रार, असा अहवाल लिहिला आणि चाचाला त्याच्या दुकानापर्यंत स्वतः सोडून आलो. परतताना छातीवरचं ओझं उतरलं होतं. एका निनावी फोनवर नऊ घरांची दारं फोडण्यापासून मी थोडक्यात वाचलो होतो. पुढे परिषदेने तांड्याजवळच स्टँड दिला आणि रुमाल आपोआप सुटले.

गावात ज्या सायकली सर्वांत जास्त फिरत होत्या, त्याच कागदावर हरवलेल्या होत्या. स्टँड उभा राहिला फोटो चांगला येतो तिथे; पायी चालणारी माणसं राहतात तिथे नाही. गुन्हा शोधायचाच तर तो इथे शोधा.

तुमच्या गावात अशी योजना असेल किंवा येणार असेल, तर नगर परिषदेत जा. पहिला स्टँड शेवटच्या वस्तीवर हवा, असा लेखी अर्ज द्या. आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.