चिकटवलेली खोली

फर्निचरच्या दुकानात त्याला सगळे अँगल म्हणतात. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असतं, पण ते कुणी वाचत नाही. कुठलीही वस्तू सरळ ठेवणं त्याला जमत नाही. उशी खुर्चीला चिकटून ताठ बसवणार नाही, फुलदाणी टेबलाच्या मधोमध ठेवणार नाही. "जरा अँगलमध्ये," असं पुटपुटत तो ती बोटभर फिरवतो. मग तिथं आत्ताच कुणीतरी बसून उठलंय असं वाटायला लागतं.

तो दुकानात खोल्या लावतो. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू गिऱ्हाइकासाठी उघडी. या खोल्यांत नळ असतो, पण पाणी नसतं. पुस्तकं असतात, पण नुसती कव्हरं. टेबलांच्या ड्रॉवरना मुठी असतात आणि मुठीमागे सपाट फळी. गिऱ्हाईक येतं, पलंगावर टेकतं, उशीवर हात फिरवतं आणि म्हणतं, "आपलं घर असं कधी राहायचं?" बायको नवऱ्याकडे बघते, नवरा छताकडे.

गिऱ्हाईक बघून गेलं की खोली विस्कटते. प्लॅस्टिकच्या सफरचंदावरसुद्धा कुणाच्या तरी दातांचे ठसे उमटतात. त्यामुळे अँगल सगळं चिकटवून टाकतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड फोमची टेप त्याच्या खिशात कायम असते, जसा इतरांच्या खिशात रुमाल. वस्तू ठेवायची, तिरकी करायची, उचलायची, खाली टेप लावायची, दाबायची. हे सगळं त्याचे हात करतात, तो तेव्हा दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असतो. स्वस्त टेप उन्हाळ्यात सुटते. याची सुटत नाही. कप उचलायला जाल तर टेबल उचललं जाईल.

आणि त्याचं स्वतःचं घर? दिव्याखाली अंधार. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी, एक खुर्ची, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, आणि एक लोखंडी कपाट. कपाटात दुकानातून निघालेली शोभेची कागदी पानं, फुटक्या फ्रेमा, दात लागलेली सफरचंदं. आतली खोली रिकामीच. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दिवसभर लोकांची घरं लावतो. घरी आलो की हात वर होत नाहीत."

हे खोटं नव्हतं. वय वाढलं तसा तो संध्याकाळी दार उघडून बूट न काढताच गादीवर बसायला लागला होता. बूट काढायचे तर वाकावं लागतं.

अशातच त्याच्या मोठ्या बहिणीचा फोन आला.

"तुझ्याकडे थोडे दिवस आले तर चालेल?"

"चालेल म्हणजे काय ताई, ये की."

"थोडेच दिवस."

ताईचं हे "थोडे दिवस" त्याला माहीत होतं. मेव्हणे गेल्यावर तिचं घर मुलांनी विकलं आणि ती थोडे दिवस थोरल्याकडे, थोडे दिवस धाकट्याकडे राहायला लागली. मुलं वाईट नव्हती, सुनाही तोडून बोलत नव्हत्या. पण थोरल्याकडे तिला नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली बॅग ठेवावी लागे आणि धाकट्याकडे वॉशिंग मशीनच्या मागे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ताई उपाशी नव्हती, तिला फक्त बॅग उघडायला जागा नव्हती.

त्या रात्री अँगलनं ठरवलं की आतली खोली अशी लावायची की ताईनं परत "थोडे दिवस" म्हणायचं नाही. कुणाला काही विकायचं नसताना लावलेली ही त्याची पहिली खोली.

दुकानात जुना माल निघणार होता. मालक म्हणाला, "ने, जागा तरी मोकळी होईल." दुकानातला सुतार पलंग जोडायला घरी आला. खोली बघून म्हणाला, "अँगल, बहीण येतेय की गिऱ्हाईक?"

"तू स्क्रू पिळ."

"नाही, भाव काय लावायचा ते ठरव, म्हणून विचारलं."

सुट्टीचा सगळा दिवस गेला. राखाडी भिंत, पलंगावर फिकट पिवळी चादर, तीन उशा. खिडकीशी आरामखुर्ची. पलंगाशेजारी टेबल, त्यावर दिवा, उभी पुस्तकं, आणि लाकडी ट्रेमध्ये निळी किनार असलेले दोन कप. तो दारात उभा राहिला. एक कप जरा तिरका केला आणि मग बूट न काढता गादीवर जाऊन पडला. कंबर धरली होती, पण मन भरलं होतं.

ताई आली ती एका बॅगेसह. बॅगेची चेन कधीच तुटलेली, म्हणून भोवती नायलॉनची दोरी करकचून बांधलेली. तिनं आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच बघितलं.

"हे कुणासाठी रे?"

"तुझ्यासाठी."

"तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. बॅग तिनं दाराआड ठेवली, भिंतीला लावून, कुणाच्या पायात येणार नाही अशी.

पहिले काही दिवस अँगल खुशीत होता. ताई इतकी नीटनेटकी असेल असं त्याला आठवत नव्हतं. सकाळी तो कामावर निघायच्या आत पलंग जसाच्या तसा झालेला असे. चादरीला सुरकुती नाही. उशा त्याच्याच अँगलमध्ये, बोटभरही फरक नाही. दुकानात सुतारानं विचारलं, "कशी आहे बहीण?" तर तो म्हणाला, "अरे, खोली अजून नवी आहे."

"माणूस राहतोय ना त्यात?" सुतार म्हणाला.

अँगलनं ते हसण्यावारी नेलं. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याचं लक्ष गेलं. ताई आरामखुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली होती, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तशी. ओला टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून बॅगेवर ठेवलेला. चष्मा हातातच. आणि चहा ती घेत होती त्याच्या कान तुटलेल्या कपात, त्याचं पिऊन झाल्यावर विसळून.

"अगं, ट्रेमध्ये कप आहेत ना."

"असू दे. हा बरा आहे."

त्यानं पुढं विचारलं नाही. दिवसभर शोरूममध्ये एक बारा माणसांचं कुटुंब प्रत्येक सोफ्यावर बसून गेलं होतं. त्याच्यात बोलायचं त्राण नव्हतं.

रविवारी सकाळी अँगल ब्रेड घेऊन आला आणि बूट न काढताच गादीवर टेकला, तेव्हा ताई म्हणाली, "धाकट्याचा फोन आला होता. त्याच्याकडे जाते म्हणते."

"का?"

"त्यालाही वाटतं ना, आईनं यावं."

"कधी?"

"आज संध्याकाळची गाडी आहे."

अँगल म्हणाला, "ताई, काय कमी पडलं ते सांग."

"कमी कुठं काय पडलं? एवढं छान तर मी आयुष्यात बघितलं नाही. पण मी दमले रे. दुसऱ्याचं नीट ठेवत राहायचा फार शीण येतो. मुलांकडे ठेवायचं, इथंही ठेवायचं. तिथं निदान सवय झालीय."

दुसऱ्याचं हा शब्द त्याला लागला. बॅग आवरायला मदत करू म्हणून तो दाराआड गेला. बॅग आवरलेलीच होती. दोरीची गाठ तीच, आली त्या दिवशीची. रोज लागेल तेवढं ती दोरीच्या फटीतून हात घालून काढत होती.

"निदान जाताना चांगल्या कपात चहा घेऊन जा," तो म्हणाला. त्याला काहीतरी हातानं करायचं होतं. त्यानं ट्रेमधला निळ्या किनारीचा कप धरला आणि उचलला.

कपाबरोबर ट्रे आला. ट्रेबरोबर टेबल. टेबल दोन पायांवर तिरकं झालं आणि दिवा, पुस्तकं, दुसरा कप, सगळं त्या तिरक्या टेबलावर मुंग्या चिकटाव्यात तसं गच्च चिकटून राहिलं. एकही वस्तू घरंगळली नाही.

ताई बघत राहिली. "अरे, तू कप चिकटवलेस?"

अँगलनं टेबल खाली ठेवलं. कपाचा कान अजून त्याच्या हातात होता. "मला आठवतसुद्धा नाही गं. सवयीनं लागली असेल टेप."

"मी पहिल्याच दिवशी उचलून बघितला होता," ताई म्हणाली. "उशीही उचलून बघितली, ती सुटी होती. मग म्हटलं, ज्याला हात लावायचा नाही ते चिकटवलंय. मला सांगायला तुला अवघड वाटलं असेल."

तो पलंगावर बसला. पलंगावर तो पहिल्यांदाच बसत होता. चादरीला सुरकुती पडली.

"ताई," तो म्हणाला, "तसं नव्हतं."

"कळलं आता." आणि मग तिला हसू आलं. आधी खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आलं. "पुस्तकंही?"

"पुस्तकं खोटी आहेत."

"ते कळलं होतं. एक उघडायला गेले होते."

"ड्रॉवरही नाही त्याला."

"तेही बघितलं. म्हटलं, कुलूप असेल."

जाड फोमची टेप ओढून निघत नाही, रंग घेऊन येते. ती दोऱ्यानं कापावी लागते. ताईनं बॅगेच्या फटीतून हात घालून शिवणाचा जाड दोरा काढला. एक टोक तिनं धरलं, एक त्यानं, आणि दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून कपाखालून दोरा मागंपुढं करायला लागले, करवत चालवावी तसा.

"ओढू नकोस, नुसता सरकव."

"मला शिकवतोस? तुझ्या चड्ड्यांना नाड्या मीच घातल्यात."

दोरा तुटला की दुसरा. कप सुटले, ट्रे सुटला, दिवा सुटला. दुपार त्यातच गेली. टेबलावर टेपचे काळपट चौकोन राहिले, ते नखानं निघेनात. दोघांची बोटं लाल झाली होती. जेवायचं राहूनच गेलं. ब्रेड खाल्ला, उभ्या उभ्या.

मग अँगल बाहेरच्या खोलीत गेला आणि लोखंडी कपाट रिकामं करायला लागला. कागदी पानं, फ्रेमा, सफरचंदं, सगळं पोत्यात. अर्ध्यात दम लागला तसा खाली बसला. "दोन कप्पे झालेत," त्यानं बसल्या बसल्या सांगितलं. "बाकीचे हळूहळू."

ताईनं आतून विचारलं, "तुझ्याकडे खुंटी नाही का रे कुठं? टॉवेल कुठं टाकायचा?"

खुंटी नव्हती. दुकानातल्या खोल्यांना खुंट्या नसतात, तिथं कुणी अंघोळ करून येत नाही. त्यानं हातोडी शोधली. राखाडी भिंतीत एक खिळा ठोकला, समोर खिडकीच्या चौकटीत दुसरा. वळून बघतो तर ताई बॅगेजवळ बसली होती आणि दातांनी गाठ सोडत होती. गाठ सुटली. बॅगेचं झाकण आपोआप वर आलं.

"ही बांध," तिनं दोरी पुढं केली.

दोरी खोलीच्या मधून गेली, बरोबर आरामखुर्चीच्या डोक्यावरून. ताईनं पिशवीतला टॉवेल काढून तिच्यावर टाकला. तो एका बाजूला जास्त लोंबत होता. निळ्या किनारीच्या एका कपात तिनं चष्मा ठेवला, दुसऱ्यात गोळ्यांची पाकिटं.

"ते चहाचे आहेत," अँगल म्हणाला.

"होते."

ती आरामखुर्चीत मागं रेलून बसली. पाय वर घेतले. टॉवेलचं टोक तिच्या केसांना लागत होतं.

अँगल दारात उभा होता. टॉवेल सारखा करायला त्याचा हात उठला. मग त्यानं तो खिशात घातला, तिथं टेपची गुंडाळी होती. ती त्यानं काढून पोत्यात टाकली. उद्या दुकानात लागेल हे आठवून परत काढली आणि कपाटावर ठेवली.

"गाडी चुकली असेल," तो म्हणाला.

"हो."

"धाकट्याला फोन करायला हवा."

"करते उद्या," ताई डोळे मिटून म्हणाली. "आज दमले."

तो पलंगावर बसला, वाकला, आणि बूट काढायला लागला.